बांधावरचा विद्यार्थी

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके बागायतीसाठी प्रसिद्ध आहेत. कुकडी आणि घोड या नद्यांच्या पाण्यावर तेथे द्राक्षे, टोमॅटो, कांदा, बटाटा अशी पिके निघतात. कीड दिसली की शेतकरी विषारी औषध फवारतो. पीक वाचते, पण ते विष फवारणाऱ्याच्या अंगात भिनते, ओढ्याविहिरींत उतरते आणि भाजीबरोबर घरोघरी पोहोचू शकते. ही फवारणी कमी करण्याची एक वाट शंभराहून अधिक वर्षांपूर्वी भारतीय शेतकऱ्यांनीच एका परदेशी शास्त्रज्ञाला दाखविली. त्यांचे नाव सर आल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म इ. स. १८७३ मध्ये इंग्लंडातील एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी वेस्ट इंडीज बेटांत पिकांच्या रोगांचा अभ्यास केला. ज्ञान पुष्कळ मिळाले. परंतु सुचविलेले उपाय करून पाहण्यास स्वतःचे शेत नव्हते, ही खंत त्यांच्या मनात राहिली.

१९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील सरकारी संस्थेत आले. तेथे त्यांना ७५ एकर जमीन मिळाली. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके औषधावाचून निरोगी असलेली पाहून ते चकित झाले. शेतकऱ्यांना शिकविण्यासाठी आलेला हा पंडित त्यांच्याच बांधावर शिकू लागला. कीड आणि रोग यांनाही त्यांनी गुरू मानले. कारण मशागतीत कोठे चूक झाली, ते त्यांच्यामुळेच कळते, असे त्यांचे मत झाले. १९१० पर्यंत फवारणीच्या औषधांवाचून निरोगी पिके घेणे त्यांना साधले.

पुढे १९२४ मध्ये होळकरांच्या इंदूर संस्थानात त्यांनी नवे संशोधन केंद्र उभारले. त्या काळी पुष्कळसे शेण गोवऱ्या करून जाळले जाई व जमीन उपाशी राही. हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार केले. ही इंदूर पद्धत देशोदेशी पोहोचली.

या कार्यात त्यांच्या पत्नी गॅब्रिएल, ज्या स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, त्यांना बरोबरीने साथ देत. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. रासायनिक शेतीच्या पुरस्कर्त्यांनी त्यांना विरोध केला. तरी १९४७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी मातीच्या आरोग्याचा आग्रह सोडला नाही.

सकस जमिनीतही कधी कधी कीड येते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आधी जमीन सुधारावी, पिकाची रोज पाहणी करावी, कामगंध सापळे लावावेत, किडी खाणाऱ्या मित्रकीटकांना जपावे. विष हा अखेरचा उपाय मानावा, असे कृषिशास्त्र सांगते. कुकडी-घोडच्या काठचा जो शेतकरी पंप पाठीवर घेण्याआधी खाली वाकून माती आणि पान न्याहाळतो, तो हॉवर्ड यांचाच मार्ग चालत असतो. तो मार्ग मुळात याच देशातील शेतकऱ्यांचा आहे.