ऊन मोजणाऱ्या अण्णा मणी

मित्रांनो, अण्णा म्हटले की आपल्याला फेटा बांधलेले एखादे वडीलधारे गृहस्थ आठवतात. पण या अण्णा म्हणजे बाई होत्या. आपल्या देशातले ऊन नीट मोजायची व्यवस्था त्यांनी लावली. त्यांचे चरित्र मी थोडक्यात सांगते.

अण्णा मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी केरळातील पीरमेड येथे झाला. वडील इंजिनिअर होते. मुलीला आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या द्यायची घरची रीत होती. अण्णांनी कुड्या नको म्हटले आणि ज्ञानकोशाचे खंड मागितले. पुढे बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले, आणि गंमत बघा, तेही हिऱ्यांवर आणि माणकांवरच! पाच शोधनिबंध लिहिले. तरी एम. एस्सी. झालेली नाही म्हणून विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही. त्या रडत बसल्या नाहीत. १९४५ साली इंग्लंडला जाऊन हवामानाच्या यंत्रांचे शास्त्र शिकल्या.

१९४८ साली परत येऊन त्या पुण्याच्या वेधशाळेत लागल्या. पालकांपैकी कोणी शिवाजीनगरचे शिमला ऑफिस पाहिले असेल, तीच ही वेधशाळा. तेव्हा पुष्कळ यंत्रे परदेशातून येत. त्यांनी जवळजवळ १०० यंत्रांचे आराखडे ठरवून ती इथेच तयार करण्याची सोय केली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशात ठिकठिकाणी ऊन मोजणारी केंद्रे उभी केली.

ऊन मोजायच्या यंत्रात काचेच्या घुमटाखाली काळी चकती असते. उन्हाने ती तापते आणि खालच्या तारांच्या सांध्यांत अगदी थोडी वीज तयार होते. तिच्यावरून ऊन किती ते कळते. पण घुमटावर धूळ बसली, दव पडले किंवा कावळ्याने घाण केली की आकडा चुकतो. आपल्या कोल्हापूरकडे तर गुऱ्हाळाची काजळी आणि उसाच्या ट्रॉल्यांचा धुरळा! म्हणून रोज सकाळी घुमट मऊ फडक्याने पुसावा लागतो. गवंड्याच्या पाणसळीसारखा बुडबुडा मधोमध आहे का, झाडाची सावली पडते का, तारा सैल झाल्या का, तेही बघावे लागते. आत ओल शोषणारे खडे असतात. त्यांचा रंग पालटला की नवे घालायचे. रात्री आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. नाही आला तर बिघाड आहे असे समजावे. शिवाय अधूनमधून यंत्र प्रमाण यंत्राशी ताडून पाहायचे.

एवढी कटकट कशाला, असे मलाही वाटले. पण चुकीचे मोजण्यापेक्षा मुळीच न मोजलेले बरे, असे अण्णांचे मत होते. ते मला पटले. समजा, घुमट मळका म्हणून ऊन कमी दिसले. मग सौर पंपासाठी शेतकरी जास्त पाट्या विकत घेईल आणि त्याचे पैसे फुकट जातील. खोटा आकडा लिहिणारा वेगळा आणि भोगणारा वेगळा!

१९७६ साली त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. तरी काम सोडले नाही. १९८० आणि १९८१ साली भारतातल्या उन्हाच्या आकड्यांचे त्यांचे दोन मोठे ग्रंथ निघाले. सौर ऊर्जेचे काम करणाऱ्यांना ते फार उपयोगी पडले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आपणही पाऊस मोजू, वजन करू किंवा हजेरी लिहू, तेव्हा आकडा खराच लिहू या. अशा या थोर शास्त्रज्ञ बाईंना माझा नमस्कार.