हरलेला सरसेनापती : रॉबर्ट ली

वाचकहो, जिंकलेल्या सेनापतींची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. हरलेल्या सेनापतीकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) दक्षिणेच्या बाजूने लढून पराभूत झालेल्या रॉबर्ट एडवर्ड ली याचे जीवन विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे. त्यात घेण्यासारखे जितके आहे, तितकेच टाळण्यासारखेही आहे.

ली याचा जन्म १९ जानेवारी १८०७ रोजी व्हर्जिनिया राज्यात झाला. वडील अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील नामांकित घोडदळ अधिकारी. पण पुढे कर्जबाजारी होऊन त्यांना तुरुंगाची हवा खावी लागली. अशा ओढग्रस्तीच्या घरातील हा मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात दाखल झाला आणि १८२९ साली दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. चार वर्षांत बेशिस्तीचा एकही शेरा त्याच्या नावावर पडला नाही. पुढे मेक्सिकोच्या युद्धात त्याने नाव कमावले आणि १८५२ साली तो त्याच विद्यालयाचा प्रमुख झाला.

१८६१ साली गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली. सरकारने बंड मोडण्यासाठी उभारल्या जाणाऱ्या फौजेचे नेतृत्व ली याला देऊ केले. परंतु त्याचे व्हर्जिनिया राज्य फुटीर राज्यांना मिळाले होते. त्याने ते नेतृत्व नाकारले, २० एप्रिलला राजीनामा दिला आणि तो दक्षिणेला जाऊन मिळाला. वाचकहो, त्याच्या आयुष्यातील मोठी चूक ती हीच. गुलामगिरी वाईट आहे असे त्याने पूर्वी खाजगी पत्रात लिहिले होते. पण ती संपविण्याचे काम ईश्वरी इच्छेवर सोपवून तो मोकळा झाला होता. सासऱ्याच्या जमीनजुमल्याची व्यवस्था त्याच्याकडे असताना पळून गेलेल्या गुलामांना पकडून आणून फटके मारण्यात आले, अशी साक्ष त्यांच्यापैकीच एकाने पुढे दिली. चाळीस लाख माणसांना गुलामगिरीत ठेवू पाहणाऱ्या राजवटीसाठी त्याने आपली सारी बुद्धी खर्च केली.

जून १८६२ पासून त्याने उत्तर व्हर्जिनियाच्या सेनेचे नेतृत्व केले आणि संख्येने वरचढ शत्रूला अनेकदा मागे रेटले. पण जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग येथे त्याने उघड्या मैदानातून समोरासमोर हल्ला चढविला आणि त्याची फौज अक्षरशः कापली गेली. या पराभवाचा दोष त्याने हाताखालच्यांवर ढकलला नाही. त्याने राजीनामा पाठविला. अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने तो स्वीकारला नाही. डेव्हिस स्वतः वेस्ट पॉइंटचा पदवीधर असल्याने युद्धाची सूत्रे त्याने आपल्याच हाती ठेवली होती. सर्व सेनांचा एक सरसेनापती दक्षिणेला १८६५ च्या सुरुवातीस मिळाला, तो ली. तोवर सैन्य उपाशी होते आणि पळून जाणाऱ्यांची संख्या रोज वाढत होती.

९ एप्रिल १८६५ रोजी, अपोमॅटॉक्स येथे, जंगलांत पांगून गनिमी युद्ध चालू ठेवावे असा सल्ला त्याला एका अधिकाऱ्याने दिला. ली याने तो मानला नाही. तसे केल्यास सैनिक लुटारू बनतील आणि देश वर्षानुवर्षे होरपळेल, हे त्याने ओळखले. त्याच दिवशी त्याने जनरल ग्रँटपुढे शरणागती पत्करली. आपल्या शिपायांना पेरणीसाठी स्वतःचे घोडे घरी नेता यावेत, एवढी गोष्ट त्याने ग्रँटच्या कानावर घातली. ग्रँटने मोठ्या मनाने ती मान्य केली आणि भुकेल्या फौजेसाठी शिधाही पाठविला. सहा ते सात लाख माणसांचा बळी घेणारे ते युद्ध संपत आले.

त्याच वर्षी सप्टेंबरात ली एकटाच घोड्यावर बसून लेक्झिंग्टन गावी गेला. तेथील वॉशिंग्टन कॉलेजने त्याला अध्यक्षपद देऊ केले होते. युद्धात कॉलेजची लुटालूट झाली होती आणि विद्यार्थी पन्नासाच्या आतबाहेर होते. वर्षाला पंधराशे डॉलर पगारावर त्याने पाच वर्षे तेथे काम केले. विद्यार्थी चारशेच्या घरात गेले. ग्रीक-लॅटिनच्या जोडीला अभियांत्रिकी, कायदा आणि आधुनिक भाषा आल्या. पण त्या वर्गांत काळ्या मुलांना जागा नव्हती, आणि काळ्यांना मतदानाचा हक्क देण्यास त्याचा विरोध कायम राहिला. १२ ऑक्टोबर १८७० रोजी त्याचे निधन झाले. पुढे कॉलेजच्या नावात त्याचेही नाव जोडण्यात आले, तर रिचमंड शहरातील त्याचा भव्य पुतळा २०२१ साली उतरविण्यात आला.

या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. परीक्षेत वरचा क्रमांक, शिस्त, धैर्य हे सारे त्याच्यापाशी होते. आपले गुण कोणाच्या कामी येत आहेत, हा प्रश्न मात्र त्याने स्वतःला वेळेवर विचारला नाही. वाचकहो, आपल्या मुलांना गुणवान करताना हा प्रश्न विचारण्याची सवयही आपण लावू या. आणि पराभव झालाच, तर उरलेल्या माणसांना जिवंत घरी पाठवून शाळेकडे वळणे, एवढे मात्र या हरलेल्या सेनापतीकडून अवश्य घ्यावे.