न्यायमूर्ती रानडे आणि ऋणको रयत

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव घेताच प्रार्थनासमाज, सार्वजनिक सभा व समाजसुधारणा यांचे स्मरण होते. परंतु कर्जाने गांजलेल्या कुटुंबांसाठी न्यायाधीश या नात्याने त्यांनी केलेले कार्य आमच्या तरुण वाचकांना क्वचितच ठाऊक असते. म्हणून तेवढेच येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरास गेले. १८६२ साली ते बी. ए. व १८६६ साली एलएल. बी. झाले आणि १८७१ साली पुण्यास न्यायाधीश म्हणून आले.

पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस तो लागू झाला. रोख्यावरील आकडा खरा मानून न चालता मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हा हिशेब न्यायाधीशाने मुळापासून तपासावा. देणे हप्त्यांनी फेडू द्यावे. कर्जापायी शेतकऱ्यास कैदेत टाकू नये, असे त्याचे स्वरूप होते.

१८८१ साली रानडे या कामी साहाय्यक विशेष न्यायाधीश झाले. खालच्या न्यायालयांचे निवाडे तपासण्यासाठी त्यांना गावोगाव फिरावे लागे. १८८७ साली ते विशेष न्यायाधीश झाले व १८९३ साली उच्च न्यायालयात गेले.

कायद्याने जुना हिशेब नीट होईल. परंतु पुढच्या पेरणीस पैसा कोठून येणार, हा प्रश्न त्यांना दिसत होता. म्हणून त्यांनी शेतकी पेढ्यांचा पुरस्कार केला. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी अशा पेढीची योजना मांडली, ती विलायतेतील भारतमंत्र्यांनी नामंजूर केली. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आम्ही जन्मभर मुलांना चक्रवाढ व्याजाची उदाहरणे घातली. परंतु एका स्नेह्याच्या जामीनपत्रावर न वाचता सही केली आणि सात वर्षे दुसऱ्याचे हप्ते भरले. आज कर्ज घरबसल्या दूरध्वनीवर मिळते आणि हप्ता लहान दिसतो. कायदा साहाय्यास येतो, पण बहुधा उशिरा येतो. तेव्हा मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हे न्यायाधीशाचे तीन प्रश्न आमच्या ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी सहीपूर्वीच विचारावेत, एवढीच आमची विनंती आहे.