प्रश्नांची वही घेऊन निघालेला प्रवासी

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील दोन तालुके दोन लोहमार्गांच्या मधोमध वसलेले आहेत. पश्चिमेला डहाणू रोडवरून सुरत, बडोदे, अहमदाबादकडे जाणारा मार्ग, तर दक्षिणेला कसारा-इगतपुरीचा थळ घाट चढून नाशिक, भुसावळ आणि पुढे साऱ्या उत्तर हिंदुस्थानाकडे जाणारा मार्ग. पठारावर मात्र आगगाडी आलेली नाही. त्यामुळे सुट्टीत चार ऐतिहासिक शहरे पाहून यायचे म्हटले, की इथल्या कुटुंबाचा पहिला हिशेब एसटीचा असतो. डहाणू गाठायचे की खोडाळ्यावरून कसारा, की त्र्यंबकमार्गे थेट नाशिक? त्यानंतर गाडी, मुक्काम, पाहायची स्थळे आणि परतीचे आरक्षण. बहुतेकांचा बेत इथे पुरा होतो. त्या शहरात गेल्यावर कोणाला भेटायचे आणि काय विचारायचे, हा रकाना सहसा कोराच राहतो.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका वकिलाने आखलेल्या प्रवासांत हाच रकाना सर्वांत आधी भरलेला असे. त्यांचे नाव विष्णू नारायण भातखंडे. हिंदुस्थानी संगीताच्या विद्यार्थ्याला ते दहा थाटांमुळे आणि क्रमिक पुस्तकांमुळे ठाऊक असतात. ही पुस्तके घडली ती मात्र मुंबईतल्या अभ्यासिकेइतकीच रेल्वेच्या प्रवासांतून, हे फारसे सांगितले जात नाही.

भातखंड्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. घरची स्थिती मध्यम. वडील एका धनिकाच्या पेढीवर नोकरीस होते. मात्र गाण्याबजावण्याची आवड त्या घराला परकी नव्हती. महाविद्यालयात शिकत असतानाच विष्णूपंतांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतारीचे धडे घेतले. रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांना धृपदे मिळाली. पुढे त्यांनी ख्यालाची तालीमही घेतली. १८८४ साली ते पारशी मंडळींनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले आणि अनेक नामवंत गवयांना त्यांना तिथे जवळून ऐकता आले. १८८७ मध्ये कायद्याची पदवी मिळाली. काही काळ कराचीत आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली.

वकिलीने पैसा किती दिला हे बाजूला ठेवू. तिने त्यांना उलटतपासणी शिकविली एवढे नक्की. बैठकीत एखादा राग ऐकला की त्यांच्या मनात शंका उभ्या राहत. एकच राग दोन घराण्यांत दोन तऱ्हांनी का गायिला जातो? संस्कृत ग्रंथांत दिलेले रागलक्षण आणि आजचा गवय्या गातो ते रूप यांचा मेळ का बसत नाही? उत्तर बहुधा एकच मिळे, आमच्या गुरूंनी असेच शिकविले. वकिलाला अशा साक्षीने समाधान कसे वाटावे?

१९०० साली त्यांची पत्नी वारली आणि १९०३ मध्ये मुलगीही गेली. संसाराचा पाश असा तुटला. त्यानंतरच्या वर्षी, १९०४ मध्ये, हा चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ दक्षिणेच्या प्रवासाला निघाला. दुःखावर उतारा म्हणून तो निघाला, असे चरित्रकाराला लिहावेसे वाटेल. तथापि सामानात जी तयारी होती ती पाहता हा प्रवास बऱ्याच आधीपासून मनात शिजत असला पाहिजे. विचारावयाच्या प्रश्नांची यादी जवळ होती. कोणत्या गावी कोणता पंडित आहे, कोणाच्या संग्रही कोणती पोथी असण्याचा संभव आहे, याची टिपणे होती. रोज घडलेले लिहून ठेवण्यासाठी रोजनिशी होती.

बोरघाट चढून रायचूरमार्गे मद्रासला जाणारा लोहमार्ग तेव्हा तीस वर्षांहून जुना झाला होता. मद्रासला रुंद मार्गाची गाडी सोडून पुढे दक्षिण भारत रेल्वेच्या मीटरगेज गाडीत बसावे लागे. तंजावर, मदुरा, रामेश्वर अशी ती वाट. आज जी शहरे सहलीच्या जाहिरातींत ओळीने छापलेली दिसतात, तीच ही. रामेश्वरला जाणाऱ्याला तेव्हा शेवटी पाण्यातूनच पलीकडे जावे लागे, कारण पांबनचा रेल्वेपूल १९१४ साली सुरू झाला. तंजावर तर मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे ठिकाण. भोसले राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजी राजांनी वाढविलेला तिथला ग्रंथसंग्रह संगीताच्या अभ्यासकालाही खजिनाच.

परंतु या प्रवासातले सर्वांत मोलाचे ठिकाण रेल्वेच्या मार्गावर नव्हतेच. एट्टयापुरम ही एक छोटी जमीनदारी. जवळचे स्थानक कोविलपट्टी. तिथून पुढे रस्त्याची वाट. तिथे सुब्बराम दीक्षितर राहत होते. मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या घराण्यातले हे वृद्ध विद्वान, आणि त्यांचा संगीत संप्रदाय प्रदर्शिनी हा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला. भातखंड्यांना तमिळ वा तेलुगू येत नव्हती. इंग्रजी आणि संस्कृत यांवरच भागवावे लागे. तरीही दोघांना एकमेकांच्या विद्येची ओळख पटली. व्यंकटमखींच्या चतुर्दंडी प्रकाशिकेचे हस्तलिखित भातखंड्यांच्या हाती आले ते याच दौऱ्यात. सतराव्या शतकातल्या या ग्रंथात बहात्तर मेळांची मांडणी आहे. रागांचे असे शिस्तशीर वर्गीकरण करता येते, हे भातखंड्यांनी तिथे प्रत्यक्ष पाहिले. उत्तरेच्या रागांसाठी त्यांनी पुढे दहा थाट मांडले, त्यामागे ही प्रेरणा होती.

सगळ्याच भेटी अशा गोड झाल्या नाहीत. काही विद्वान टाळाटाळ करीत. काहींना या मुंबईकराचे प्रश्न उद्धट वाटत. भातखंडेही कमी नव्हते. समोरच्याचे अज्ञान उघडे पाडण्याचा मोह त्यांना आवरत नसे आणि रोजनिशीत त्यांची लेखणी तिखट होई. प्रवासी म्हणून हा त्यांचा दोषच म्हणावा लागेल. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने यजमानाची परीक्षा घ्यावी का, हा प्रश्न त्यांच्या वहीत बहुधा नव्हता.

१९०७ साली त्यांनी पूर्वेचा बेत केला. नागपूर, हैदराबाद, विजयनगरम, जगन्नाथपुरी, कलकत्ता. नागपूरची गाडी धरायची म्हणजे थळ घाट चढणे आले. १८६५ साली खुला झालेल्या या घाटातून गाडी इगतपुरीला पोहोचते तेव्हा उत्तरेच्या बाजूच्या डोंगररांगांपलीकडेच मोखाड्याचा मुलूख असतो. हैदराबादेत त्यांना अप्पा तुलसी हे संस्कृतज्ञ संगीतशास्त्री भेटले आणि जन्माचे स्नेही झाले. कलकत्त्यात राजा सौरिंद्रमोहन टागोरांची गाठ पडली. भारतीय संगीतावर विपुल लिहिणारे आणि देशोदेशी वाद्यसंग्रह पाठविणारे हे धनाढ्य गृहस्थ तेव्हा उतारवयात होते.

पुढच्या वर्षीचा प्रवास तर आजच्या कोणत्याही सहलवाल्याला हेवा वाटावा असा. जबलपूर, अलाहाबाद, काशी, गया, लखनौ, आग्रा, दिल्ली, मथुरा, जयपूर, बिकानेर, उदयपूर. यांतल्या बहुतेक शहरांत किल्ला, राजवाडा, घाट नाहीतर मंदिर आहेच. भातखंड्यांचे लक्ष मात्र त्या वास्तूंच्या आतल्या माणसांकडे आणि कपाटांकडे होते. मथुरेला गणेशीलाल चौबे यांच्याशी चर्चा झाली. बिकानेरच्या राजसंग्रहात अनुपसिंह महाराजांच्या आश्रयाने सतराव्या शतकात लिहिलेले भावभट्टाचे ग्रंथ होते. अनूपसंगीतरत्नाकर, अनूपसंगीतविलास आणि अनूपसंगीतांकुश ही त्यांची नावे. भातखंड्यांनी पुढे ते छापून प्रसिद्ध केले, म्हणून आज ते अभ्यासकाला सहज मिळतात. बिकानेरला रेल्वे १८९१ मध्ये पोहोचली होती. त्यापूर्वी मुंबईच्या एखाद्या नोकरदाराने वा वकिलाने त्या वाळवंटातल्या कपाटापर्यंत जाण्याचा बेत केला असता, तर घरच्यांनी त्याला वेड्यात काढले असते. सरकारने लोहमार्ग टाकले ते फौजा आणि माल हलविण्यासाठी. एका हिंदी विद्वानाने त्यांचा उपयोग विखुरलेले संगीत एका वहीत आणण्यासाठी केला.

पोथ्या मिळाल्या, तरी चिजा पोथ्यांत नव्हत्या. त्या उस्तादांच्या गळ्यात होत्या, आणि उस्ताद त्या सहजी कोणाला देत नसत. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. ज्याची विद्या हीच मिळकत, त्याने ती परक्या माणसाच्या वहीत का उतरवून द्यावी? भातखंड्यांनी यावर अनेक वाटा शोधल्या. जयपूरच्या मोहम्मद अली खाँ यांच्या घराण्यातल्या शेकडो बंदिशी त्यांनी मिळविल्या. त्या कामी नव्यानेच आलेल्या फोनोग्राफचाही उपयोग केला. रामपूरला तर त्यांनी नवाब हमीद अली खाँ यांच्या दरबारातले थोर बीनकार वजीर खाँ यांचे रीतसर शिष्यत्व पत्करले. पन्नाशीच्या घरातल्या पंडिताने गंडा बांधून घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. एट्टयापुरम किंवा मथुरेतला परीक्षक इथे शिष्य होऊन बसला. उस्तादांच्या शास्त्रज्ञानाविषयी त्यांनी जी कठोर मते मांडली, त्यांवर अलीकडच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत, आणि ते अनाठायी नाहीत. ज्यांच्याकडून चिजा घेतल्या त्यांनाच अशास्त्रीय ठरवणे हा कृतघ्नपणा वाटू शकतो. त्याच वेळी हेही खरे, की त्या चिजा लिहिल्या गेल्या नसत्या तर त्यांतील कित्येक त्या घराण्यांबरोबरच संपल्या असत्या.

प्रवासांतून जमलेले हे धन पुस्तकांत उतरले. श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ त्यांनी चतुरपंडित या नावाने लिहिला. हिंदुस्थानी संगीत पद्धतीचे चार मोठे भाग मराठीत, तेही गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आले. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत अठराशेच्या आसपास बंदिशी स्वरलिपीसह छापल्या गेल्या. आपले शास्त्र मराठीत लिहिण्याचा त्यांचा निर्णय मराठी वाचकाने विसरू नये. इंग्रजीत लिहून लवकर कीर्ती मिळविणे या पदवीधराला अवघड नव्हते.

नंतरच्या प्रवासांना वेगळे रूप आले. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. मुंबईहून बडोद्याला जाणारी गाडी डहाणूवरूनच जाते. पूर्वी ज्यांच्या दारी स्वतः जावे लागे, असे गवई आणि पंडित आता एका मंडपात आले होते. दिल्ली, काशी आणि लखनौ येथेही परिषदा झाल्या. १९१८ मध्ये माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघाले आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. आज ते भातखंड्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे.

या साऱ्या खटाटोपात एक मोठा प्रदेश त्यांच्या नकाशाबाहेर राहिला. बडोद्याची गाडी डहाणूला आणि नागपूरची इगतपुरीला थांबत होती, तेव्हा मधल्या जव्हार संस्थानाच्या पाड्यांवर तारपा घुमत होता. भोपळ्याची आणि बांबूची ती फुंकवाद्ये, वादकाभोवती फेर धरणारे वारली, ठाकर, कोकणे, आणि सुगीबरोबर बदलणारी त्यांची चाल. भातखंड्यांचा शोध रागसंगीताचा होता, राजधान्या आणि तीर्थक्षेत्रे यांत सापडणाऱ्या विद्येचा. तारप्याला ना संस्कृत पोथी, ना दरबार. त्यामुळे त्यांच्या प्रश्नांच्या यादीत तो येणे शक्यच नव्हते. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. मात्र त्यांच्याच पद्धतीने, वही घेऊन आणि दोन्ही स्थानकांच्या मधल्या डोंगरात उतरून कोणी तेव्हाच तारपावादकांना गाठले असते, तर त्या काळच्या किती चाली आज लिहिलेल्या सापडल्या असत्या, असे इथल्या माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

१९३३ साली भातखंड्यांना आजाराने गाठले आणि अखेरची तीन वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली. ज्याने रामेश्वरापासून बिकानेरपर्यंत देश धुंडाळला, त्याला घराबाहेर पडणेही अशक्य झाले. तरी लेखन आणि शिष्यांशी पत्रव्यवहार चालू होता. लखनौचे काम श्रीकृष्ण रातंजनकर या शिष्याने समर्थपणे उचलले होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. क्रमिक पुस्तकमालिकेचे शेवटचे दोन भाग तेव्हा छापून झालेले नव्हते. ते पुढच्या वर्षी बाहेर पडले.