सीएसएमटी बांधणारे स्टीव्हन्स साहेब

मिठबाव : गणपती झाले की चाकरमानी परत मुंबईला जातात. कणकवलीहून कोकणकन्येत बसले की सकाळी थेट सीएसएमटी. उतरल्यावर सामान सांभाळायचे, पोरांना धरायचे आणि लोकल गाठायची. मान वर करून इमारत बघायला वेळ कोणाला? त्यामुळे ही इमारत ज्यांनी आखली त्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

स्टीव्हन्स यांचा जन्म १८४७ सालचा, इंग्लंडमधल्या बाथ गावचा. वयाच्या विशीत, १८६७ साली ते सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला हिंदुस्थानात आले. आधी पुणे, मग मुंबई. कुलाब्याजवळ खलाशांसाठी बांधलेली मोठी इमारत ही त्यांची पहिली नावाजलेली कामगिरी. आज तिथे राज्याच्या पोलीस महासंचालकांचे कार्यालय आहे.

मुंबईत रेल्वे त्याआधीच आली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, पण बोरीबंदरचे स्टेशन अगदी साधे होते. गाड्या वाढल्या, कापसाचा व्यापार वाढला, तशी जीआयपी रेल्वे कंपनीला भारी स्टेशन आणि मुख्य कचेरी हवी झाली. काम स्टीव्हन्स यांच्याकडे आले. त्यांनी घाई केली नाही. आधी दहा महिने युरोपात फिरून तिथली स्टेशने बघितली, मग नकाशे काढले. १८७८ ला काम सुरू झाले ते १८८८ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे चालले. खर्च सुमारे १६ लाख रुपये.

इमारतीचे खरे वैशिष्ट्य तिच्या नक्षीत आहे. टोकदार कमानी आणि रंगीत काचा विलायती धाटणीच्या, पण घुमट, मनोरे आणि एकूण मांडणी आपल्याकडच्या राजवाड्याची आठवण देते. मोठा घुमट बरोबर मुख्य जिन्यावर येतो. त्याच्यावर हातात मशाल घेतलेली बाईची मूर्ती आहे, ती प्रगतीची. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. भिंतींवर मोर, माकडे, पाने-फुले आहेत. या कोरीव कामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. बांधकामावर सीताराम खंडेराव हे आपले अभियंते होते. साहेबाचे नाव निदान पुस्तकात तरी राहिले, छिन्नी चालवणाऱ्यांची नावे बहुतेक गेली. दर्शनी भागावर रेल्वेसाठी झटलेल्या नाना शंकरशेट यांचाही अर्धपुतळा आहे, तो मात्र जरूर शोधावा.

काम चालू असतानाच, १८८४ ला, स्टीव्हन्स यांनी सरकारी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला. समोरची महापालिकेची इमारत त्यांचीच, १८९३ ची. चर्चगेटसमोरची, आज पश्चिम रेल्वेचे मुख्यालय असलेली घुमटांची इमारतही त्यांचीच. तिचे काम १८९९ ला पुरे झाले. १८९६ पासून शहरात प्लेगने माणसे मरत होती, तेव्हाही ते चालूच होते.

बोरीबंदरच्या स्टेशनाला १८८७ साली राणीच्या राज्याच्या ५० व्या वर्षी व्हिक्टोरिया टर्मिनस नाव मिळाले. १९९६ ला ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ ला त्यात महाराज हा शब्द आला. २००४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले.

आपल्या कोकणाला मात्र या स्टेशनाचा उपयोग फार उशिरा झाला. इमारत पुरी झाली तेव्हा इकडची माणसे मुंबईला बोटीने जात होती. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये, म्हणजे तब्बल ११० वर्षांनी.

स्टीव्हन्स विलायतेला परतले नाहीत. मार्च १९०० मध्ये, ५२ व्या वर्षी, मलेरियाने मुंबईतच त्यांचे निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरले आहे. पुढे मुलगा चार्ल्स यानेही वडिलांचाच धंदा चालवला. कुलाब्याचे रिगल थिएटर त्याने आखलेले आहे.