मालकीचे छप्पर

एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडचे खेडे म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे हिरवी कुरणे आणि चर्चचा मनोरा येतो. तिथे राबणारा शेतमजूर त्या चित्रात नसतो. त्याला देशापुढे उभे केले ते जोसेफ आर्चने. त्याच्याविषयी वाचताना मला त्याच्या भाषणांइतकेच त्याचे घरही महत्त्वाचे वाटत आले आहे.

आर्च १८२६ मध्ये वॉरविकशायरमधील बारफर्ड गावी जन्मला. नवव्या वर्षी तो शेतावर पाखरे राखू लागला; बारा तासांची मजुरी चार पेन्स. पुढे कुंपणाची झुडपे छाटण्यात त्याने नाव कमावले. मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार म्हणून चार लोकांत बोलण्याची सवयही झाली.

पण मालकाविरुद्ध बोलायचे कसे? बहुतेक मजुरांची घरे शेतकऱ्याची किंवा जमीनदाराची असत. काम गेले की छप्परही जाई. आठवड्याला जेमतेम बारा शिलिंग मिळवणारा बाप मुलाबाळांना उघड्यावर आणून तोंड कसे उघडणार? आर्चचे घर लहान, पण घराण्याच्या मालकीचे. तिथून त्याला कोणी हुसकू शकत नव्हते.

७ फेब्रुवारी १८७२ रोजी वेल्सबर्नच्या मजुरांनी त्याला बोलावले. चेस्टनटच्या झाडाखाली, डुकरे कापायच्या बाकावर उभा राहून तो बोलला. ऐकायला हजारावर माणसे जमली होती. मेअखेर राष्ट्रीय शेतमजूर संघटना स्थापन झाली आणि १८७४ पर्यंत तिचे सभासद ८६,००० वर गेले. त्याच वर्षी पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी हजारो सभासदांना कामाबाहेर ठेवले. संघटनेची तिजोरी आटली आणि लढा मागे घ्यावा लागला. हे शेतकरीही बहुतांशी जमीनदारांची कुळेच होती, हे विसरून चालणार नाही. पुढे अमेरिकेचे स्वस्त धान्य आले आणि तेही खंडाच्या ओझ्याखाली वाकले.

१८८४ च्या कायद्याने खेड्यातल्या बहुसंख्य मजुरांना मत मिळाले. १८८५ मध्ये आर्च नॉरफोकमधून कॉमन्स सभागृहात गेला; युवराजांचे सँड्रिंगहॅम त्याच्याच मतदारसंघात होते! संघटना १८९६ मध्ये संपली. १९१९ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, आर्चने बारफर्डच्या त्याच घरात डोळे मिटले.

गप्प राहणाऱ्या मजुराला समाधानी समजण्याची सोय सगळ्याच काळांत असते. आर्चचे चरित्र वाचल्यापासून मी आधी विचारतो, त्याच्या डोक्यावरचे छप्पर कोणाचे आहे?