समजून घ्या : झिप फाइलमधला ‘पीके’ कोण?

तुमसर, पवनी किंवा साकोलीच्या एखाद्या सेवा केंद्रात आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल काढली, की ती ‘झिप’ स्वरूपात हाती पडते. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर अगम्य चिन्हांच्या गर्दीत सुरुवातीची दोन इंग्रजी अक्षरे मात्र स्वच्छ दिसतात : पी आणि के. आजची वर्डची फाइल, एक्सेलचा तक्ता यांचीही सुरुवात तीच, कारण आतून त्या झिपच असतात.

ही आद्याक्षरे फिल कॅट्झ यांची. जन्म ३ नोव्हेंबर १९६२, अमेरिकेतील मिलवॉकी शहरात. संगणकशास्त्र शिकलेल्या या तरुणाने १९८६ मध्ये घरातूनच ‘पीकेवेअर’ ही कंपनी सुरू केली. तेव्हा फाइली टेलिफोनच्या तारेवरून जात. फाइल जितकी मोठी, तितकी फोनची वेळ अधिक. म्हणून त्या दाबून लहान करणारा ‘आर्क’ हा प्रोग्राम लोकप्रिय होता. कॅट्झ यांनी त्याच धर्तीचा, पण कितीतरी वेगवान ‘पीकेआर्क’ काढला.

खटला कशासाठी?

‘आर्क’च्या मालक कंपनीने १९८८ मध्ये त्यांना कोर्टात खेचले. तज्ज्ञाने तपासले तेव्हा कोडमधल्या टिपा, इतकेच नव्हे तर स्पेलिंगच्या चुकाही जुळल्या. कॅट्झ यांना पैसे भरून तडजोड करावी लागली, ‘पीकेआर्क’ बंद करावा लागला. तरीही वापरकर्त्यांची सहानुभूती त्यांनाच मिळाली. समोरची कंपनी बडी आहे, असा लोकांचा समज होता. प्रत्यक्षात तीही छोटीच होती.

मग झिप कशी आली?

१९८९ मध्ये कॅट्झ यांनी नवे स्वरूप आणले आणि त्याचा तांत्रिक आराखडा सर्वांसाठी खुला केला. झिप जगभर पोहोचली ती यामुळे. ‘पीकेझिप’ला माउस लागत नसे. काळ्या पडद्यावर प्रोग्रामचे नाव, मग गठ्ठ्याचे नाव, मग फाइलींची नावे टाइप करून एंटर दाबायचे. लिनक्सच्या ‘झिप’ आदेशात आजही हाच क्रम आहे; ‘अनझिप’ला ‘-एल’ जोडले, की गठ्ठा न सोडता आतली यादी दिसते.

१९९३ पासून झिपमध्ये ‘डिफ्लेट’ ही पद्धत आली. यादीत ‘भंडारा’ शंभरदा आला, तर तो दरवेळी न लिहिता मागच्या जागेची खूण ठेवली जाते. वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत मिळतात. मोबाइलमधले फोटो आधीच असे दाबलेले असतात. म्हणून ते झिप करून फारशी जागा वाचत नाही.

विंडोजचा जमाना आला, तेव्हा पीकेवेअर मागे पडली आणि कॅट्झ यांच्याच खुल्या आराखड्यावर इतरांचे प्रोग्राम चालू लागले. ते स्वतः दारूत बुडत गेले. १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतल्या एका मोटेलच्या खोलीत ते मृतावस्थेत सापडले. वय अवघे ३७. मृत्यूचे कारण दारूच्या व्यसनातून उद्भवलेले आजारपण. पीकेवेअर झिपचा आराखडा आजही खुला ठेवते.